वरची चादर

सोलापुरात परीक्षेची धास्ती घेणारी माणसं पैशाला पासरी मिळतील. पण स्वतःच्या लिव्हरकडून अभ्यास करून घेणारा माणूस एकच, आणि ते नेमके माझे थोरले साडू. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून, दुखणं लिव्हरमध्ये पसरलंय का हे बघायला अधूनमधून त्यांचं रक्त तपासतात. तपासणी जवळ आली की यांची तयारी सुरू. शेंगाचटणी बंद, तेल बंद, सकाळी कडू काढा, संध्याकाळी उसाचा रस. रागावणंसुद्धा बंद, कारण म्हणे रागानं लिव्हर तापतं. एकदा बायकोचा हात फोडणीला जरा सैल पडला, तर हे ताट सारून दूधभात खाऊन उठले. रिपोर्ट चांगला आला की नव्या पेठेत ओळखीच्या दुकानांच्या पायऱ्या चढून 'पास झालो' म्हणून सांगत सुटायचे. आम्ही हसायचो. पण मला आतून घोर लागायचा, की हा माणूस लपवतोय तरी कुणापासून?

या खेपेला त्यांचं वजन उतरलेलं दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तातले आकडे ठीक आले तरी लिव्हरमध्ये गाठ असू शकते, नुसत्या रक्तावर भागायचं नाही, सोनोग्राफी करून घ्या. साडू बिथरलेच. हवं तर रक्त पुन्हा घ्या, पण ते मशीन नको, म्हणाले आणि तडक घरी निघून आले. मग एका सकाळी मला बोलावून घेतलं. जन्म चादरीच्या कारखान्यात गठ्ठे बांधण्यात गेलेला माणूस.

"पाव्हणं," ते म्हणाले, "व्यापारी माल बघायला आला की आमी निवडक चादरी वर ठिवायचो. त्यो बिचारा वरच्या चादरीवर हात फिरवून जायचा. मी डॉक्टरीणबाईला त्येच करत आलोय की. आता गठ्ठा सोडूनच बघू द्या."

आज ते आत गेलेत आणि मी बाहेर बाकावर हे सगळं आठवत बसलोय. सोनोग्राफीला उपाशी पोटी यायचं असतं, म्हणून त्यांची भाकरी माझ्याजवळच्या पिशवीत आहे. सोबत इतक्या दिवसांनी शेंगाचटणी, त्यांनी स्वतः मागून घेतलेली. निकाल काहीबी येऊ दे, बाहेर आलो की हितंच बसून खाऊ, असं बजावून गेलेत. मला फार भीती वाटतेय. देवा, एवढी भाकरी त्यांना गोड लागू दे.