मक्याच्या देशाची गोष्ट मी कशी सांगितली

मी शिक्षिका नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या निवासी आश्रमशाळेत मी स्वयंपाकाला आहे, रोजंदारीवर. शाळा अहेरीच्या पुढं, जंगलात. माझं गाव सावली तालुक्यात, धानाच्या बांध्यांमधलं. घरी जायचं म्हटलं की तीन बस बदलाव्या लागतात, म्हणून वर्षातून दोनदाच जाते. इथं चार वर्षं झाली, तरी कोणी ऑफिसातून हाक मारली की वाटतं, काढलंच आता. रोजंदारीच्या माणसाला दर जूनमध्ये पुन्हा विचारावं लागतं, ठेवता का मले.

शाळा मी सातवीत सोडली. माय आणि बाबा दर वर्षी तेलंगणात मिरची तोडायला जायचे. त्या वर्षी धाकटा भाऊ रांगता होता, त्याला कोण पाहणार? मी राहिले. ते परत आले तेव्हा ऊन तापायला लागलं होतं आणि मी परीक्षा बुडवून बसले होते. मग गेलेच नाही. कोणी जा म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही.

म्हणून इतिहासाच्या मॅडमचे उपकार मी कधी विसरणार नाही. मॅडम चंद्रपूरच्या, माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, त्यांची नोकरीही तासिकेवरची. एकदा मी वर्गाबाहेर पातेलं घेऊन उभी राहून ऐकत होते तर म्हणाल्या, "ताई, आत बसून ऐका ना. लसूण इथंच सोला." तेव्हापासून दुपारचं जेवण आटोपलं की मी आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायला लागले. दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, असं मॅडमनीच माझ्या डोक्यात घातलं. मुलं मला मावशी म्हणतात. परीक्षेच्या दिवशी म्हणायची, "मावशी, तुलेबी पेपर देऊ का?"

या वर्षी मॅडमनी पुस्तकाबाहेरचा एक धडा घेतला. जगातल्या जुन्या लोकांचा. त्या दिवशी सकाळीच त्यांनी माझ्याकडून मक्याची पाच कणसं मागून नेली. वर्गात एक कणीस वर धरलं आणि विचारलं, "हा मक्का कुठून आला?"

"आमच्या घरामागच्या बाडीतून," एक मुलगा म्हणाला.

"त्याच्या आधी?"

"आजाच्या बाडीतून."

"आणि आजाच्या आधी?"

"आजाचा आजा, मॅडम. तो तर मेला."

सगळे हसले. मग मॅडमनी अहेरीहून छापून आणलेली चित्रं भिंतीवर लावली. समुद्रापलीकडचा एक देश. तिथं अ‍ॅझ्टेक नावाचे लोक होते, त्यांच्या आधी माया लोक होते, त्यांच्याही आधी आणखी कोणी. तळ्याच्या मधोमध अ‍ॅझ्टेकांचं शहर. पाण्यातच चिखल आणि वेलींचे वाफे करून ते मक्का पिकवायचे. माया लोकांनी शून्य शोधलं होतं, दिवस मोजायची त्यांची रीत इतकी पक्की की ग्रहण कधी लागेल ते सांगायचे. मक्का त्यांचा, टमाटर त्यांचं, मिरचीही त्यांची.

मिरचीचं नाव आलं आणि माझ्या हातातला लसूण तिथंच राहिला. ज्या मिरचीपायी माझी शाळा सुटली, ती आमची नव्हतीच? मी हात वर केला. "मॅडम, मंग त्याच्या आधी आपण भाजीत काय टाकत होतो?"

"मिरे होते, ताई. आलं होतं."

"मिरे कोणाच्या घरी होते?" मी म्हणाले. मॅडमही हसल्या.

शेवटी बळीचा भाग आला. त्या लोकांना वाटायचं, सूर्य रोज अंधाराशी लढतो, त्याला रक्त दिलं नाही तर तो उगवणार नाही. पायऱ्यापायऱ्यांच्या उंच देवळावर माणसांचा बळी द्यायचे. मॅडमनी हे हळू आवाजात सांगितलं. लगेच पुढं म्हणाल्या, की हे घडत होतं, पण ज्यांनी त्यांचा देश लुटला त्यांनीच हे सगळ्यात जास्त लिहून ठेवलं, म्हणजे लुटणं बरोबर दिसावं. हे दुसरं वाक्य त्यांनी फळ्यावरही लिहिलं. मी ते ऐकलं. पण ध्यानात राहिली ती पायऱ्यांची देवळं आणि रक्त.

शनिवारी दिवस मावळायच्या आधी मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. पाचवीच्या मुली भोवती बसल्या. त्यांना माहीत होतं की मी मोठ्या वर्गात बसते. "मावशी, मोठ्यायले काय शिकवलं? सांग ना."

मला सांगायला आवडायचं. खोटं का बोलू, आपल्याला काही येतं आणि चार पोरी तोंडाकडं पाहतात, हे सुख मला सातवीनंतर पहिल्यांदाच मिळत होतं. मी तळ्यातलं शहर सांगितलं, मक्याचे वाफे सांगितले आणि मग रंगात येऊन देऊळ, पुजारी, सुरी, सगळं सांगितलं. फळ्यावरचं वाक्य सांगितलं नाही.

एका मुलीनं विचारलं, "सूर्याले रक्त लागते, मंग आणखी कोणाले लागते?" ही नदीपलीकडच्या माडिया गावातली. बारीक, कमी बोलणारी. तिच्या गावाच्या वाटेवर नवा पूल बांधून राह्यले होते, खांब उभे झाले होते, वर काही नव्हतं.

आमच्याकडं लहानपणी पूल बांधायला लागले की म्हातारी माणसं म्हणायची, पुलाले पोराचं मुंडकं लागते. पोरांना नदीवर जाऊ न देण्यासाठी मायही म्हणायची. बाबा चिडायचे. आमचं घर बौद्ध, भुताखेताचं नाव निघालं तरी बाबा ताटावरून उठायचे. ज्या घरात हे चालत नव्हतं त्या घरातली मी, आणि तेच माझ्या तोंडातून निघालं. "पुलाले लागते ना. म्हणून तर तुमचा पूल अडून राह्यला. जी पोरगी ताटात भात टाकते, तिचं नाव लिहून देतो आम्ही इंजिनेरले."

मुली खिदळल्या. ती हसली नाही. मी पाहिलं आणि पुन्हा तांदळात बोटं घातली.

मंगळवारी दुपारच्या हजेरीत ती नव्हती. हॉस्टेलात नव्हती, हातपंपावर नव्हती. चौकीदार आणि दोन सर मोटरसायकली घेऊन गेले. सापडली संध्याकाळी, आपल्या घरी. एकटी नऊ किलोमीटर चालत गेली होती. पुलाजवळून जायला नको म्हणून रस्ता सोडला आणि वरच्या अंगानं, कमरेएवढ्या पाण्यातून नदी ओलांडली. हे ऐकलं आणि मी चुलीपुढंच बसले. दुसरी स्वयंपाकीण, वयानं मोठी, म्हणाली, "काऊन वं, चक्कर आली का?" मी म्हटलं, धूर लागला.

बुधवारी त्या गावची चार माणसं शाळेत आली. पुढं तिचा बाप. ओरडाआरडा काही नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत उभे राहिले. बाप म्हणाला, "शाळेत माणूस कापायचं शिकवता म्हणते पोरगी. तिचं नाव लिहून देणार म्हणते. ती आता येत नाई."

मुख्याध्यापकांनी विचारलं, हे कोणी शिकवलं. मॅडम म्हणाल्या, "बळीचा विषय मी घेतला, सर. आठवीत."

"अभ्यासक्रमात आहे?"

"नाही."

"मग लेखी खुलासा द्या. प्रकल्प कार्यालयाला कळवावं लागेल."

मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. आठवीचं पाचवीत कसं गेलं, हे कोणी विचारलं नाही. मॅडमनी माझ्याकडं पाहिलंही नाही. मी चहा ठेवला आणि बाहेर आले. इतकंच केलं.

ते दोन दिवस कसे गेले ते लिहिता येत नाही. भात करपला, डाळीत दोनदा मीठ पडलं. मनात एकच हिशोब. बोलले तर मी जाईन, नाही बोलले तर मॅडम जातील. त्याच्याही पलीकडं ती मुलगी होती, जिला आता शाळा नको होती. माझी शाळा सुटली तेव्हा कोणावर बोट ठेवता येत नव्हतं. हिच्या वेळी येत होतं.

शुक्रवारी मी मॅडमच्या खोलीवर गेले आणि सगळं सांगितलं, पुलासकट. मॅडम कपडे वाळत घालत होत्या. हातातल्या ओढणीला चिमटा लावला आणि वळल्या.

"मला वाटलंच होतं, ताई."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." मग म्हणाल्या, "तुम्ही गोष्ट सांगितली याचा राग नाही. अर्धी सांगितली."

मुख्याध्यापकांना मी त्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, लिहून द्या. मी आयुष्यात पहिल्यांदा लिहून दिलं. चुका खोडत तीन कागद गेले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "तुम्हाला काढत नाही, बाई. दुसरं माणूस मिळत नाही इथं. पण उद्यापासून वर्गात बसायचं नाही. स्वयंपाकघर एके स्वयंपाकघर." खुलासा मॅडमच्या फाइलीत राहिला तो राहिलाच.

रविवारी मी आणि मॅडम तिच्या गावी गेलो. पुलाच्या खांबांमधून, डोंग्यात बसून. बाप अंगणात मक्याचे दाणे सोडवत बसला होता. त्यानं बाज पुढं केली, पाणी दिलं. मुलगी आईच्या मागं. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "भाऊ, मॅडमनं नाई सांगितलं. मी सांगितलं. गमतीत सांगितलं. पुलाले काही लागत नाई."

त्यानं मान वर केली नाही. "मले माहीत आहे, बाई. पुलाले सिमेट लागते, लोखंड लागते. आम्हीच वाहून राह्यलो ते." मग दुसरं कणीस उचलून, "पोरगी रात्री उठून बसते. ते काय करू?"

मॅडमनी त्याला त्या लोकांबद्दल सांगायला सुरुवात केली, मक्यापासून. तो ऐकत राहिला, हात चालूच. मधेच थांबवून विचारलं, "ते लोक आता कुठी आहेत?"

"आहेत ना, भाऊ. तिथंच आहेत. त्यांचीच भाषा बोलतात, मक्का पेरतात."

"मंग आमच्याच सारखं झालं. गोटुलात आमचे पोरंपोरी जमतात, त्याबद्दल बाहेरचे लोक काय काय सांगतात, तुम्ही ऐकलं असन. येऊन पाहत कोणी नाई." तो पहिल्यांदा हसला, पण ते हसू आमच्यासाठी नव्हतं. "तुमच्या पोरायले त्यायचा मक्का आधी सांगा."

"आधीच सांगितला होता," मॅडम म्हणाल्या.

"या बाईनं नाई सांगितला."

मी खाली पाहिलं. खरं तर मक्का मीही सांगितला होता. पण नंतर जे सांगितलं त्याखाली तो कुठं उरला होता?

पाठवतो असं तो म्हणाला नाही. पण पुढच्या बुधवारी मुलीला घेऊन आला, आणि म्हणाला, तो धडा पुन्हा घ्या, मी बसतो. पाहतो, मग ठरवतो. मुख्याध्यापक काचकूच करत होते. मॅडमनी पाचवी आणि आठवी एकत्र बसवली. बाप शेवटच्या बाकावर, माझ्याच जागी बसला. मला आत जायला मनाई होती. मी भाजी चिरायचं निमित्त करून व्हरांड्यात बसले. आतून मॅडमचा आवाज येत होता. या वेळी त्यांनी बळीचा भाग गाळला नाही. ज्यांनी लिहिलं ते कोण, कशासाठी आले होते, काय घेऊन गेले, हेही सांगितलं. मग बापाचा आवाज आला, तो माडियात मुलांना काही सांगत होता. मुलं एकदम हसली. काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही.

जाताना त्यानं मुलीची पिशवी हॉस्टेलच्या दारात ठेवली. मला म्हणाला, "शनिवारी येतो. हसत दिसली तर ठेवतो, नाई तर नेतो." तेव्हापासून तो दर शनिवारी येतो. मॅडमना अजून कार्यालयाकडून काही आलं नाही, ना चांगलं ना वाईट. मी फॉर्म भरला आहे. अभ्यास एकटीच करते.

मुलगी आहे. पण जेवणाच्या ओळीत माझ्यासमोर यायची वेळ आली की सरकून दुसऱ्या बाईकडं जाते. मी हाक मारत नाही. परवा मात्र ती ओळीत माझ्यासमोरच थांबली, ताट छातीशी धरून.

"मावशी, ते खोटं होतं ना?"

"हो. खोटं होतं."

"तुले माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मंग काऊन सांगितलं?"

मागच्या मुली ढकलत होत्या. तुम्ही ऐकत होत्या, मला बरं वाटत होतं, असं दहा वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं? पण या वेळी दुसरं काही बनवून सांगायची हिंमतही नव्हती. मी तेच सांगितलं, जसं होतं तसं.

तिनं ऐकलं. मग ताट पुढं न करता बाजूला झाली आणि दुसऱ्या बाईच्या ओळीत, सगळ्यांच्या मागं जाऊन उभी राहिली.