खाचा नव्या, टायर जुने

सेहेचाळिसाव्या वर्षी मी मोटार चालवायला शिकले, आणि शिकवलं कुणी, तर माझ्या सासऱ्यांनी. मी त्यांना मामा म्हणते. मामा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं एक छोटी पांढरी गाडी घेतली. पण थोड्याच वर्षांत त्यांची नजर अधू झाली, डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावू नका म्हणून सांगितलं आणि गाडी अंगणात उभी राहिली. माझा नवरा नोकरीसाठी पुण्यात असतो, तो गाडीच्या भानगडीत कधी पडला नाही. शेवटी एके दिवशी मामांनी किल्ली माझ्यापुढं धरली.

त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. इंजिनाच्या आवाजावरून ते सांगायचे, आता गिअर टाक, आता क्लच सोड. तीन महिन्यांनी माझ्या हातात लायसन्स आलं. औरंगपुऱ्याच्या बाजारातल्या गर्दीतून, रिक्षांच्या मधून गाडी न खरचटता बाहेर काढली, त्या दिवशी तर मला आभाळ ठेंगणं झालं. मामांनी लगेच पैठणला फोन लावला. तिथं त्यांची थोरली बहीण राहते, आमच्या आत्याबाई. शनिवारी सून स्वतः गाडी चालवत मला आणतेय, असं त्यांनी तिला ऐकवलं. आत्याबाई नुसत्या हसल्या म्हणे.

शनिवारी सकाळी डबा भरून, पाण्याच्या बाटल्या घेऊन आम्ही निघालो. पैठण रोडवरच्या एका टायरच्या दुकानात हवा भरायला थांबलो. दुकानदार चाळिशीचा असेल. हवेची नळी घेऊन तो खाली बसला आणि तसाच बसून राहिला. मग त्यानं मला जवळ बोलावलं. टायरच्या बाजूच्या भागावर, ओल उडालेल्या काळ्या रानात पडतात तशा बारीक बारीक भेगा होत्या. जवळच एका लांबट चौकटीत चार आकडे. पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, असं त्यानं समजावलं. मी हिशेब केला तर टायर नऊ वर्षांपूर्वीचे निघाले.

तो म्हणाला, पाच-सहा वर्षं झाली की दरवर्षी टायर दाखवून घ्यायचे, आणि दहाव्या वर्षी खाचा कितीही खोल असल्या तरी ठेवायचे नाहीत. पण हे टायर दहाव्याची वाट बघण्यातले नव्हते. यांच्यावर भर उन्हात पैठण गाठायचं म्हणजे जोखीम होती.

मामांना ते लागलं. ते खाली उतरले, वाकले, टायरच्या खाचेत अंगठा खुपसून म्हणाले, "भाऊ, अर्धी जिंदगी मी टायरांवर काढली. नख बुडतंय की अजून. नवाच हाय."

दुकानदारानं मागचं डावं चाक काढलं. अंगणात दुपारचं ऊन याच बाजूला पडायचं. टायर रिमवरून सोडवून त्यानं दोन्ही हातांनी वाकवला, तशी एक भेग उघडली. मामांना ती दिसणार नव्हती, म्हणून त्यानं त्यांचा हात धरून बोटं भेगेवर ठेवली. मामांनी नखानं चाचपलं. पुन्हा चाचपलं. मला आतले पांढरे धागे दिसत होते.

"दोरा लागतोय," मामा हळूच म्हणाले.

मग ते बाकावर जाऊन बसले. मी पाणी दिलं. एसटीच्या टायरला म्हातारं व्हायला वेळच मिळत नसे, तो आधीच झिजून जायचा, म्हणून आपण कायम खाचाच बघत आलो, असं ते म्हणाले. दर रविवारी ते डिझेलचा बोळा फिरवून टायर चमकवायचे. त्यानं रबर लवकर खराब होतं, नुसतं पाणी आणि साबण पुरे, हेही त्यांना तिथंच कळलं. त्यांना वाईट वाटलं, पण उठले तेव्हा आवाज डेपोतला होता.

"चारही बदल. आणि डिकीतलाबी."

डिकीतला टायर एकदाही रस्त्याला लागला नव्हता, पण वय त्याचंही तेवढंच होतं.

नवे टायर आले. मामांनी मला प्रत्येकावरचे चार आकडे मोठ्यानं वाचायला लावले. चौथ्याला मी अडखळले. तो दोन वर्षं पडून राहिलेला निघाला. मामांनी तो बाजूला ठेवायला सांगितला, दुकानदारानंही मुकाट्यानं दुसरा आणून दिला. मला तर हसूच आवरेना. तासाभरापूर्वी जे आम्हाला ठाऊक नव्हतं, त्यावर आम्ही आता माल परत करत होतो.

नव्या टायरवर सुरुवातीला जरा सबुरीनं, असं दुकानदारानं बजावलं होतं. मी हळूच निघाले. खड्ड्यांचे दणके कमी झाले होते, स्टिअरिंग हलकं लागत होतं. बिडकीन गाव मागं पडल्यावर उसाची एक ट्रॉली पुढं आली. मामांनी कान टवकारले, समोरून काही येतंय का विचारलं. रस्ता मोकळा होता. मी हॉर्न दिला आणि आयुष्यातला पहिला ओव्हरटेक केला. मामांनी मांडीवर थाप मारली.

पैठणला आत्याबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या सीटवर वाकून पाहिलं.

"डायव्हर कुठं हाय?"

मामांनी माझ्याकडं बोट दाखवलं. आत्याबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मी मनात म्हटलं, आता चहाला आत बोलावतील. पण त्यांनी मामांना मागं बसायला सांगितलं, स्वतः पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, "चल, आधी मला धरणावर ने."

मी किल्ली फिरवली.