उल्हासच्या पन्नाशीचा ग्लास

ट्रेवरचे सगळे ग्लास सारखेच दिसत होते. लालभडक कोकम, वर बर्फ, काठाला मीठ. त्यातल्या एकात फेणी नव्हती. तो कुठला, हे मला आणि आग्नेलला सोडून कुणाला कळता कामा नये होतं.

मी पणजीतल्या एका बारची मॅनेजर. बार जुन्या घरात आहे. अंगणात टेबलं, मंद दिवे, आणि आमच्या गावठी फेणीला इंग्रजी नाव देणारा मेन्यू. आग्नेल आमचा बारटेंडर. त्या संध्याकाळी अंगणातलं मोठं टेबल बाबलनं घेतलं होतं. बाबल माझा शाळासोबती, मूळचा आमोण्याचा, आता मांद्र्याला गेस्टहाऊस चालवतो. निमित्त होतं उल्हासच्या पन्नाशीचं. आम्ही सगळे एकाच वर्गातले. गावात नको, पणजीत स्टायलीत करूया, हा बाबलचाच हट्ट.

दुपारी उल्हासच्या बायकोचा, प्रमिलाचा फोन आला.

"शीला, तेका एक थेंब दिव नको. लिव्हर खराब झालां. दोतोर म्हणता, परत घेतली तर माझ्या हातात काय नाय."

"मग येता कित्याक?"

"बाबलाक नाय कसां म्हणतलो? आणि तुमका सांगूक लाज वाटता तेका."

खाण बंद पडली, खनिज वाहणारा उल्हासचा ट्रक डिचोलीत दारात उभा राहिला, तेव्हापासून त्याची दारू वाढत गेली होती. ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं सोडलीय, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. फोन ठेवला आणि मी सरळ आग्नेलकडे गेले. बारमध्ये बसलेल्या माणसाला दारूपासून लांब ठेवायचं, तेही त्याच्या दोस्तांच्या नकळत. असलं काम मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

बिनदारूचं ड्रिंक, म्हणजे मॉकटेल, टेबलावर चुकू नये म्हणून आम्ही त्याला खूण करतो. एरवी वेगळा ग्लास असतो. आज वेगळा ग्लास दिला असता तर बाबलनं लगेच विचारलं असतं. म्हणून आग्नेलनं उल्हासच्या ग्लासात कढीपत्त्याचं पान घातलं, बाकीच्यांत लिंबाची चकती. तरीही मी त्यात स्ट्रॉ बुडवली, वर बोट दाबलं आणि चार थेंब जिभेवर सोडले. बारटेंडर चव अशीच बघतात. नुसतं कोकम होतं. तरी मी परत एकदा चाखलं.

ट्रे मीच उचलला. तेवढ्यात आमचे सर, म्हणजे बारचे मालक, आडवे आले.

"शीला, मॅनेजर ट्रे का नेतेय? वेटर कशाला ठेवलेत?"

"शाळेतले दोस्त आहेत, सर."

"दोस्त असू देत. आवाज नको. आत दिल्लीचे गेस्ट बसलेत."

मी हो म्हटलं आणि सटकले. ग्लास उल्हासच्या हातात दिला. त्यानं पान बघितलं, बाकीच्यांच्या ग्लासातली लिंबं बघितली, माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्याला कळलं. मला जरा हायसं वाटलं.

ते फार टिकलं नाही. बाबल उभा राहिला.

"थांबा रे. कोणी तोंडाक लावू नकात. पयलां गाऱ्हाणां."

आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय कसलीच सुरुवात होत नाही. घर बांधा, बोट पाण्यात घाला, एकानं देवापुढे मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गावच्या राखणदाराला, म्हणजे वेशीवर राखण करणाऱ्या दैवताला, आमच्यात दारू चालते. बाबलनं एक रिकामा ग्लास घेतला आणि प्रत्येकाच्या ग्लासातलं थोडंथोडं त्यात ओतलं. आता हे राखणदाराचं. गाऱ्हाणं झालं की तो प्रसाद, आणि पहिला घोट ज्याचं कार्य त्याचा. म्हणजे उल्हासचा.

कॉकटेल नाकारता येतं. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? उल्हासच्या कपाळावर घाम दिसत होता. खरं सांगते, मी घाबरले. ग्लास धक्का मारून सांडावा असंही मनात आलं. पण प्रसाद सांडणं म्हणजे दुसराच अपशकुन.

"बा देवा राखणदारा," बाबलनं सुरू केलं, "आज ह्या तुझ्या लेकराक पन्नास वर्सां झाली."

"व्हय म्हाराजा."

"तेका सुखात ठेव, तेच्या पोराबाळांक सुखात ठेव."

"व्हय म्हाराजा."

आत दिल्लीची मंडळी माना वळवून बघू लागली. सर दारात येऊन उभे राहिले. इतक्यात बाबल अडखळला. घरी गाऱ्हाणं त्याचे वडील घालतात. पुढचं त्याला आठवेना. तो इकडेतिकडे बघू लागला.

पुढचं मी उचललं. आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. पण बालपणापासून ऐकलेलं होतं, तोंडातून आपोआप आलं.

"आज उल्हासान आपलो वाटो तुका दिलो, तो तू घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"फुडे कधी तेच्या हातात परत दिव नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. बाबलसुद्धा. सवयीनं म्हणाला आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"शीला, ह्यां काय बोललंस गो?"

"तू व्हय म्हटलंस. आता तेका कसो देतलंस?"

बाबलनं हातातल्या ग्लासाकडे बघितलं. मग तो अंगणातल्या सुपारीच्या कुंडीपाशी गेला आणि राखणदाराच्या नावानं सगळा ग्लास मुळाशी ओतून आला. सरांनी डोळे मिटून घेतले. ती कुंडी त्यांची लाडकी होती.

तेव्हा कुठे उल्हास बोलला. "माका दोतोरान बंद केल्या. लिव्हर गेलां."

बाबलला राग आला होता आणि रडूही. "आमका आदी सांगूक काय झालां होतां? आमी काय परके?"

"सांगलां असतां तर तू म्हटलां असतंस, वाढदिवस आसा, एकच घे."

ते खरं होतं. मीही दहादा त्याला तेच म्हटलं होतं.

मग केक कापला. बाबलनं आपला भरलेला ग्लास बाजूला सारला आणि आग्नेलला हाक मारली, "ते पानवालं माका पण आण." जाताना सरांनी मला विचारलं, तो गाऱ्हाण्याचा कार्यक्रम छान होता, दर शनिवारी ठेवता येईल का? मी म्हटलं, नाही सर, तो विकायचा नाही.

नव्या बारटेंडरांना मी ट्रेनिंग देते. गिऱ्हाइकाला जास्त झाली की कसं थांबवायचं, त्यावर आमचा अख्खा एक तास असतो. पहिलीच कशी थांबवायची, त्याचं ट्रेनिंग अजून कुणी काढलेलं नाही.