पुढचं डावं चाक

चहा ओतण्याआधी हिरामणदादा बशी पुसतो. स्वतःच्या घरची असली तरी.

फोनवर बोलायला लागला की चालत सुटतो. बोलणं संपतं तेव्हा तो शेताच्या बांधावर असतो आणि चप्पल ओट्यावर.

कुणाच्या मोटारसायकलचं स्टँड खाली राहिलं असेल तर रस्त्यातून ओरडून सांगतो. ओळख असायची गरज नाही.

बाजारात भेंडी घेताना प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघतो. भाजीवाल्या त्याला लांबूनच ‘नाय आज, नाय’ म्हणतात.

गाडीत बसण्याआधी चाकांना लाथ मारतो. हलकी, गुरांना हाकताना मारतात तशी.

गाडी गेल्या दसऱ्याची. उंच, पांढरी. लोधिवलीत आमच्या आळीत अशी पहिलीच. दादा खोपोलीच्या कागद कारखान्यात पाळीवर जातो, उरलेल्या वेळात भात करतो. त्याच्याकडे आधी मोटारसायकल होती आणि तेवढ्यात त्याचं भागत होतं. गाडी त्यानं जागृतीसाठी घेतली.

जागृती त्याची एकुलती मुलगी. घाटावर कामशेतला दिली आहे. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. सातव्या महिन्यात तिला आणायचं, आणि घाट उतरताना तिला एकही हादरा बसता कामा नये, एवढंच दादाचं म्हणणं होतं. तो मला म्हणाला, “कवी, तिच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हलता नाय पायजे.”

मी मराठी साहित्य घेऊन एम.ए. झालो म्हणून तो मला कवी म्हणतो. मी एकही कविता केलेली नाही.

पहिली फुकट सर्व्हिसिंग झाली आणि त्यानंतर तो दिवा लागला. पिवळा. घोड्याच्या नालेसारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह. पडद्यावर गाडीचं चित्र आलं. चार चाकांचे चार आकडे. पुढच्या डाव्या चाकाचा आकडा पिवळा होता. हवा कमी.

शिळफाट्याच्या पंपावर गेलो. पंपावरच्या माणसानं पुढचं डावं चाक मोजलं. हवा बरोबर होती. दादानं लाथ मारून बघितली. टणक. दिवा तसाच.

शोरूममध्ये सर्व्हिसचं बघायला कमलेश नावाचा मुलगा आहे. गळ्यात ओळखपत्र, तोंडात सतत ‘सर’. तो म्हणाला, “सर, थंडीत असं होतं. नॉर्मल आहे.” गाडी संध्याकाळी परत मिळाली. दिवा होताच. गाडी मात्र धुतलेली होती.

एकदा पंपावरच्या माणसानं चारही चाकांत हवा भरून टाकली. दिवा विझला. दादानं मला पेढा दिला. आठवडा गेला असेल नसेल, दिवा परत लागला. तेच चाक.

पुन्हा शोरूम. तोवर उन्हाळा सुरू झाला होता.

“सर, उन्हात असं होतं.”

“अरे तू थंडीत म्हणालास थंडीत होतं.”

“दोन्हीत होतं सर.”

“मग कधी होत नाय ते सांग ना. तेवढ्याच दिवसांत चालवतो.”

कमलेशनं आत जाऊन कुणाला तरी विचारलं. बाहेर येऊन म्हणाला, सेन्सर गेला आहे. चाकात हवा आहे आणि आकडा कमी दाखवतो, म्हणजे सेन्सरच. पार्ट मागवायला लागेल. तोवर चालवा, काही होत नाही.

पार्ट येईना. दादा फोन करायचा. फोनवर आधी गाणं, मग एक बाई, मग परत गाणं. तो बोलत बोलत पार ओढ्यापर्यंत जायचा आणि परत येऊन सांगायचा, “टीमला कळवलंय म्हणं. ह्यांची टीम हाय का भुताटकी? कधी दिसत कशी नाय?”

चाकांना लाथ मारायची सवय सुटली नव्हती, पण आता तो एकाच चाकाला मारायचा. पुढच्या डाव्या. आणि जरा जोरात.

सातवा महिना लागला. पार्ट आला नव्हता. विमलबाईंनी, म्हणजे वहिनींनी, मागच्या सीटवर दोन उशा ठेवल्या. सोबतीला मी. आम्ही कामशेतला गेलो.

दादाचे व्याही सदूभाऊ हा भित्रा माणूस आहे. पुण्याला थोरल्या मुलाकडे गेले तर लिफ्टमध्ये बसत नाहीत. विहिरीत वाकून बघत नाहीत. जेवण झालं, जागृतीची बॅग ओट्यावर आली, आणि सदूभाऊ म्हणाले, जरा गाडी बघू दे. पुढच्या सीटवर बसले. दादानं हौसेनं गाडी चालू करून दाखवली.

“हे काय पेटलंय?”

“काय नाय हो. सेन्सर गेलाय.”

“म्हंजी काय गेलं?”

“म्हणजे दिवा खोटा बोलतोय. चाक ठीक हाय.”

“आन् खरं कोन बोलतंय?”

“मी बोलतोय ना! शोरूमवाला बोलतोय!”

सदूभाऊ खाली उतरले. “व्याही, मधी घाट हाय. दिवा इझवून या, मग न्या सूनबाईला.”

“अहो, आमी आताच घाट चढून आलो!”

“चढलात. उतरायचाय अजून.”

दादाचा तोल गेला. “तुमी लिफ्टमधी बसत नाय, तुमाला काय सांगायचं!”

“न्हाय बसत. चौथ्या मजल्यावर पायी जातो. जित्ता हाय.”

आळीतली दोन माणसं हसली. दादाचे कान लाल झाले. जागृती दारात उभी होती, एक हात कमरेवर. ती म्हणाली, “बाबा, भांडू नका. मी काय पळून जाते का? दिवा विझला की या.” आणि बॅग उचलून आत गेली.

घाट उतरताना दादा एकटाच बोलत होता. सदूभाऊ, शोरूम, कमलेश, टीम. एका वळणावर तो म्हणाला, “एक चिकटपट्टी लावली असती दिव्यावर, तर आता पोरगी मागं बसलेली असती.” मी हो म्हणालो. मलाही तसंच वाटत होतं.

घाट संपत आला होता. खालची खोपोली दिसत होती. मोठा आवाज झाला आणि गाडीचा मागचा भाग एका बाजूला ओढला गेला. दादानं स्टिअरिंग धरून ठेवलं. मागच्या ट्रकनं हॉर्न दिला. आम्ही कठड्याला घासत थांबलो.

पडद्यावर पुढच्या डाव्या चाकाचा आकडा शून्य झाला होता.

दादा उतरून धावत पुढच्या डाव्या चाकापाशी गेला. लाथ मारली. टणक. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मागं उभा होतो. मागच्या उजव्या चाकाच्या चिंध्या झाल्या होत्या. पडद्यावर त्या चाकात हवा अगदी बरोबर होती.

तो आला. चाकाकडे बघितलं. मग मागचा दरवाजा उघडला. उशा खाली पडल्या होत्या. त्यानं एक उचलली, झटकली, आणि कठड्यावर बसून मांडीवर धरली. क्रेन येईपर्यंत ती तशीच होती.

शोरूममध्ये कमलेशनं एक यंत्र लावलं आणि त्याचा चेहरा बदलला. मला त्यानं नीट समजावून सांगितलं. पहिल्या सर्व्हिसिंगला चाकं आलटून पालटून बसवली होती. पुढचं डावं मागं उजवीकडे गेलं, मागचं उजवं पुढं डावीकडे. सेन्सर चाकाच्या आत असतो, तो चाकाबरोबर गेला. मागं गेलेल्या त्या चाकात खिळा घुसला होता आणि हवा हळूहळू जात होती. पडदा मात्र जुनीच जागा दाखवत राहिला.

“सर, सिस्टिमला सांगायचं राहिलं.”

“काय सांगायचं?”

“कुठलं चाक कुठं गेलं ते.”

“अरे सिस्टिमला जाऊ दे,” दादा म्हणाला. “मला सांगायचंस ना रं. मी रोज त्या चांगल्या चाकाला लाथा घालत होतो.”

कमलेश यंत्राची वायर गुंडाळायला लागला. मला वाटलं, आता दादा उसळणार. मलाच उसळायचं होतं. पण तो किल्ली घेऊन उठला. दारापर्यंत कमलेश मागं आला. “सर, एक मेसेज येईल. प्लीज दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी मला विचारतात.”

गाडी धुतलेली होती. दिवा विझला होता.

पुढच्या रविवारी आम्ही परत निघालो. खोपोलीत दादानं गाडी थांबवली. हवा मोजायचं यंत्र त्यानं विकत घेतलं होतं. चारही चाकं मोजली. बरोबर होती. घाटाच्या तोंडाशी परत थांबला. परत मोजली. बरोबर होती.

“दादा, आता दिवा नाही.”

“तेच तर,” तो म्हणाला. “तेव्हा होता तर खोटा म्हणालो. आता नाय, तर खरं कसं मानू?”

त्यानं सदूभाऊंना फोन लावला आणि चालत सुटला. मी मागून गेलो.

“दिवा विझला, भाऊ.”

पलीकडून ‘मग या’ म्हणाले असावेत.

“नाय. तुमीच आणा तिला. तुमच्या गाडीतून. तुमच्या चालीनं. आणि भाऊ, त्या दिवशी बोललो ते मनात ठेवू नका.”

सदूभाऊंनी जागृतीला त्यांच्या जुन्या व्हॅनमधून आणलं. म्हणे घाटात सायकलवाल्यानंही त्यांना मागं टाकलं. वहिनींनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. दादानं व्हॅनच्या चारही चाकांना हात लावून बघितला, लाथ नाही मारली. सदूभाऊ हसले नाहीत.

आता नववा महिना चालू आहे. तपासणीला जागृती आळीतल्या गजाच्या रिक्षानं खोपोलीला जाते. दवाखान्यात न्यायची वेळ येईल तेव्हा गाडी तयार हवी, म्हणून परवा दादानं सीटांवरचं कंपनीचं प्लास्टिक काढायला घेतलं. त्या वासानं जागृतीला मळमळतं. मागच्या डाव्या सीटचं पूर्ण निघालं. उजव्या सीटचं त्यानं अर्ध्यापर्यंत फाडलं, मग थांबला, उतरला, त्या बाजूच्या चाकाशी बसून राहिला. नंतर गजाला फोन करून रात्री-अपरात्री येशील ना, असं विचारलं.

अर्धं प्लास्टिक अजून सीटवरून लोंबतं आहे.