उशिरा वाजणारा बेस

ओतकामातून निघालेल्या लोखंडी भागांच्या कडा ग्राइंडरने घासायच्या, हे त्याचं काम. म्हणून फाउंड्रीत त्याचं नाव घाशा पडलं आणि तो बेस गिटार वाजवायचा त्या बँडमध्येही तेच चिकटलं. बँडचं नाव ‘भट्टी’. हेवी मेटल वाजवायला निघालेले चौघेही भट्टीपुढे घाम गाळणारे, त्यामुळे नाव शोधायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही.

त्या चौघांतला आता एकटा घाशा उरला होता. पहिला गायक त्याचा सख्खा मावसभाऊ. आवाज असा, की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. त्याचं लग्न झालं आणि तो सासऱ्याच्या दुकानात गल्ल्यावर जाऊन बसला. आता गिऱ्हाइकांना ‘सुट्टे द्या’ म्हणून ओरडतो, तेवढंच त्याचं गाणं. पहिल्या ड्रमरची पाठ गेली. गिटारवाल्यांची तर रीघच लागली होती. एक जहाजावर गेला. एकाला देव सापडला. एका महाभागाने गिटार विकून स्कूटर घेतली आणि वर ती दाखवायला तालमीला आला. घाशाने त्याला स्कूटरसकट हाकलला.

माणसं गेली तरी भट्टी विझली नाही, कारण घाशाने एक नियम केला होता. नवा येईल त्याने गेलेल्याचं वाजवणं जसंच्या तसं उचलायचं. आधी त्याच्या बोटांनी वाजवायला शिकायचं, मग आपल्या. कुणी स्वतःची कारागिरी दाखवायला गेला की घाशा ॲम्प्लिफायरचं बटण बंद करायचा. “तुझं तू घरी वाजव. इथे त्याचं वाजव.” टायरच्या दुकानामागे, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या त्या खोलीत हा कायदा होता. तो मोडायची कुणाची छाती झाली नाही.

मावसभावाच्या जागी आला कावळा. दिवसा रुग्णवाहिका चालवायचा. सायरनशी भांडून भांडून त्याचा घसा असा झाला होता, की वरचा सूर लावायला गेला तर खोकलाच यायचा. म्हणून घाशाने आणि तेव्हाच्या गिटारवाल्याने आपापल्या तारा एक सूर खाली उतरवल्या. पुढे घाशा म्हणाला, अजून उतरवू, जड वाटेल. उतरवल्या. काही महिन्यांनी पुन्हा म्हणाला. पुन्हा उतरवल्या. गाणी संथ होत गेली, सैल तारा गुरगुरायला लागल्या. ऐकायला येणारी पोरं म्हणायला लागली, “भट्टीसारखं जड कुणीच वाजवत नाही. त्यांचा बेस ऐका, कसा मागे रेलून येतो!”

घाशा हसायचा आणि हात खिशात घालायचा.

नंतरच्या वेळी तारा त्याने जड वाटावं म्हणून उतरवल्याच नव्हत्या. ताणलेली तार त्याच्याने दाबली जात नव्हती. आयुष्यभर हातात थरथरणारा ग्राइंडर धरून त्याची बोटं आधी मुंग्यांनी भरली, मग थंडीत पांढरी पडायला लागली, मेणबत्तीसारखी. फाउंड्रीच्या डॉक्टरने बोटांकडे न बघताच सांगितलं, “वय झालं. तंबाखू सोडा.” घाशाने जन्मात तंबाखू खाल्ली नव्हती. थरथर कमी करणारे जाड हातमोजे मागितले, तर साहेब म्हणाले, आधीचे फाटले असतील तर दाखवा. न फाटलेल्या मोज्यातला हात फाटला, तो कुठल्या साहेबाला दाखवायचा?

बाहेरच्या डॉक्टरने मात्र बोटं एकेक करून दाबली, सुई टोचली, विचारलं, “कळतंय?”

“कुठे टोचताय?”

डॉक्टरने सुई बाजूला ठेवली. मग म्हणाला, गेलेलं परत येणार नाही. यंत्र आज सोडलंत तर उरलेलं टिकेल.

घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. एक चिमटा दातांत, एक हातात.

“बाजा सोडा,” ती म्हणाली.

“डॉक्टर यंत्र सोडा म्हणाला.”

“ऐकलं मी.” तिने तोंडातला चिमटा काढून दोरीला लावला. “यंत्र सोडा असं माझ्या तोंडून निघत नाहीये, म्हणून बाजा सोडा म्हणतेय. कळत नाही का तुम्हाला?”

कळत होतं. घर त्या यंत्राच्या पगारावरच चालत होतं.

आणि नेमकं तेव्हाच ते बोलावणं आलं. ज्यांची गाणी ऐकून घाशाने पहिला बेस हातात घेतला, तो मोठा बँड गावाबाहेरच्या मैदानावर वाजवायला येणार होता आणि त्यांच्या आधी वाजवायला हवी होती भट्टी. कावळ्याने बातमी सांगितली तेव्हा ड्रमरने, तो पेशाने इलेक्ट्रिशियन, दोन्ही काठ्या छताला फेकून मारल्या. घाशा बेस मांडीवर घेऊन बसला. हे एवढं वाजवायला मिळू दे, मग बोटं जळेनात का, एवढंच त्याच्या मनात होतं. पण कार्यक्रम उघड्यावर होता, ऐन थंडीत.

तो बायकोच्या थर्मासमधून गरम पाणी आणायला लागला. दोन गाण्यांच्या मध्ये बोटं बुडवायची, पुसायची, वाजवायचं. एका तालमीत कावळा गाता गाता मध्येच थांबला.

“घाशा, रक्त.”

“कुणाचं?”

“अरे तुझंच! बेसची दांडी बघ.”

तारेने बोट कापलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. लाल ओघळ मनगटापर्यंत आला होता. त्याने दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा तो हात बघितला. मग सगळं सांगावंच लागलं.

कावळ्याने डोकं धरलं. “मी रोज माणसं दवाखान्यात नेतो रे! मला सांगायचं नाही होय?”

“तू सायरन लावून नेलं असतंस, म्हणून नाही सांगितलं.”

शेवटी इलेक्ट्रिशियन जमिनीकडे बघत म्हणाला, “दादा, फक्त या कार्यक्रमापुरतं दुसरं कुणीतरी बघूया का?” घाशाचं टाळकं सटकलं. थर्मासचं झाकण भिंतीवर आपटलं, दोन शिव्या हासडल्या, दाराबाहेर गेला आणि परत आत आला. जाणार कुठे? रक्ताने माखलेला हात त्याने स्वतःच पाहिला होता.

“बघा,” तो म्हणाला.

आली ती बेकरीत काम करणारी एक पोरगी. पहाटे कणकेचे गोळे आपटायची, संध्याकाळी बेस वाजवायची. बोटं अशी, की पोलादी तार सुतळीसारखी वाकवतील. नियम तिला सांगितलेला होता. तिने घाशाचे सगळे सूर आठवड्यात उचलले होते, एकही चुकला नाही. पहिलं गाणं सुरू झालं आणि मधेच ढासळलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच.

“ताई, तू घाई करतेयस,” इलेक्ट्रिशियन म्हणाला.

“मी तालात आहे. तुम्हीच थांबताय.”

“मी कसा थांबेन?” असं म्हणता म्हणता त्याचा चेहरा उतरला. “हो... थांबतो मी. दादा नेहमी जरा मागून येतात. त्यांच्यासाठी थांबतो. मला वाटलं, दादांची ती स्टाइलच आहे.”

“मलाही,” कावळा हळूच म्हणाला. “मी तर शब्दही तसेच बसवले.”

आता घाशाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बोट तारेवर टेकलं की नाही हे कळत नसे, म्हणून तो आधी डोळ्यांनी बघायचा, खात्री करायचा आणि मग तार छेडायचा. तेवढा उशीर व्हायचा. त्या उशिरावर सगळ्यांनी मिळून गाणी रचली होती आणि पोरं टाळ्या पिटत होती. तो उशीर म्हणजे त्याच्या मरत चाललेल्या हाताची धडपड होती आणि बँड तिलाच आपला आवाज समजून बसला होता.

“गाणी सरळ करूया,” पोरगी म्हणाली. “पटकन होतील.”

आता कुठे होणार होती? कार्यक्रम तोंडावर आला होता, पन्नास ठिकाणी कावळ्याचा श्वास त्या उशिराला बांधलेला होता. शिवाय नियम घाशाचाच. गेलेल्याचं जसंच्या तसं.

“किती मागून येऊ, ते सांगा ना काका.”

त्यालाही ते सांगता येईना. तोंडाने ठेका धरला, चुकला. मांडीवर थाप मारून दाखवली, तीही तालातच पडली. शेवटी त्याने पिशवीतून फाउंड्रीतला चामडी हातमोजा काढला आणि तिच्यापुढे धरला. “डाव्या हातात घाल. आता वाजव.”

मोज्यात तिला तार लागेना. ती खाली बघायला लागली, चाचपायला लागली, दाबलं की नाही बघून मग छेडायला लागली. इलेक्ट्रिशियन थांबला, कावळ्याने श्वास घेतला आणि गाणं आपल्या जागी जाऊन बसलं. अगदी तंतोतंत. आपलंच दुखणं दुसऱ्याला जडावं तसं घाशाला झालं. त्याने मान हलवली. “अस्संच. हे डोक्यात ठेव, मग मोजा काढ.”

कार्यक्रमाच्या दिवशी तो रंगमंचाच्या बाजूला, तारांच्या वेटोळ्यांपाशी उभा होता. पाय गोठवणारी थंडी. हात काखेत. समोर डोकी घुसळणारी हजारो माणसं आणि वर ती पोरगी, उघड्या बोटांनी, त्याचा उशीर वाजवत होती. पहिल्याच सुराला मैदान गरजलं. घाशाने भोवती बघितलं, एखाद्याला तरी काही वेगळं जाणवलंय का. कुणालाही नाही. कुणाला कळू नये म्हणून त्यानेच तर इतकी मेहनत घेतली होती.

संपल्यावर कावळा त्याला मिठी मारून रडला आणि मोठ्या बँडच्या माणसांना भेटायला पळाला. इलेक्ट्रिशियन त्याच्यामागे. पोरगी तेवढी खाली उतरून सरळ त्याच्यापाशी आली. कपाळावरून वाफ निघत होती.

“काका, बरोबर होतं ना?”

“तिसऱ्या गाण्यात दोनदा लवकर आलीस.”

तिने जीभ चावली. “हो, मलाही वाटलं. पुढच्या वेळी नाही होणार.”

पुढच्या वेळी. तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. शिकवलेलं नीट शिकणारी गुणी मुलगी. या कार्यक्रमापुरतंच ठरलं होतं, असं म्हणायला घाशाने तोंड उघडलं. तोवर तिने बेस कुशीत धरून डाव्या हाताची बोटं पुन्हा तारांवर ठेवली होती आणि तिसऱ्या गाण्यातली ती जागा मुक्यानेच घोटत होती.

“आता छेडू?” तिने विचारलं.

“अजून थांब,” घाशा म्हणाला. “अजून.”