आमच्या ऑफिसातले सगळे दिलीप

आमच्या इंदिरानगरच्या ऑफिसात नवीन माणूस आला की पहिला महिना काम होत नाही, किस्से होतात. आमचं कांदा व्यापाऱ्यांच्या हिशेबाचं वेब ॲप आहे. त्यात काहीही बदलायचं तर आधी ते अख्खं स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालू करून घ्यावं लागतं. याला लोकल सेटअप म्हणतात. दुसऱ्या कंपन्यांत तो दुपारच्या चहापर्यंत होतो. आमच्याकडे दिलीप सर आहेत. ॲप त्यांनीच लिहिलं, कंपनीही त्यांचीच.

*

पहिल्याच दिवशी मी विचारलं, सेटअपच्या पायऱ्या कुठे लिहून ठेवल्यात? सरांनी कपाळावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते कपाळ पुतण्याच्या लग्नाला सटाण्याला गेलं. मग फोनवरून शिकवणी! मांडवातून सर एकेक कमांड सांगणार, मी टाइप करणार. मी एंटर दाबला आणि पलीकडून भटजींचं "सावधान" ऐकू आलं. तोवर डेटाबेस उडाला होता.

*

सर परत आल्यावर मी सरळ म्हटलं, हे डोक्यातलं कुठेतरी उतरवा. तुमच्या पिढीला सगळं डोक्यात ठेवायची भारी हौस.

सर माझ्या शेजारच्या वसीमकडे बघून म्हणाले, "हिला तोंड आहे." मग माझ्याकडे वळले. "तूच कर. प्रोबेशन संपायच्या आत, मला एकही प्रश्न न विचारता सेटअप करून दाखव. जमलं तर पक्की."

नाही जमलं तर? बाबांनी बँकेच्या परीक्षेचा क्लास बघून ठेवलाच होता. फक्त फी भरायची बाकी होती.

*

सरांनी कोडमध्ये जागोजागी स्वतःच्या फोल्डरचा पत्ता लिहिलेला, आणि त्या पत्त्यात त्यांचं नाव. म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खात्याचं नाव 'दिलीप' नसेल, तर ॲप उघडणारच नाही. यावर तोडगा काय, तर ऑफिसातला प्रत्येक जण दिलीप! वसीमचा लॅपटॉप रोज सकाळी 'वेलकम दिलीप' म्हणतो आणि वसीम थँक यू म्हणतो.

सर मला म्हणाले, तूही नाव बदलून घे.

"सर, त्यासाठी घरचेसुद्धा लग्नापर्यंत थांबलेत."

*

वसीमचा सेटअप सरांनी पेनड्राइव्हवरून करून दिलेला, म्हणजे ग्राहकांच्या खऱ्या डेटासकट. एकदा त्याने आपल्या लॅपटॉपवर स्वतःच्या नावाचा खोटा व्यापारी तयार केला, कांद्याला स्वप्नातला भाव लावला आणि शेतकऱ्यांना भाव कळवायच्या मेसेजचं बटण चालतंय का ते बघितलं.

चालत होतं. मेसेज बागलाणभर गेला.

पहिला फोन मीच उचलला. पलीकडून एक आजोबा विचारत होते, "हाऊ वसीम शेठ कोन शे? त्याले कांदा देवाना शे."

शेठ तेव्हा टेबलाखाली होते.

*

दसऱ्याला सरांनी त्यांच्या कॉम्प्युटरची पूजा केली. झेंडूचा हार, हळद-कुंकू आणि वर पाणीही शिंपडलं, तेही मशीन चालू असताना! माझा जीव वरखाली. ॲप धड चालायचं ते त्या एकाच मशीनवर.

मी विचारलं, "सर, बॅकअप घेतलाय का?"

"नारळ फोडलाय की."

*

शेवटी मी रविवार घालवून कोडमधले सगळे पत्ते काढले, सरावासाठी खोटा डेटा बनवला आणि सगळा सेटअप एका कमांडमध्ये बसवला. प्रोबेशनच्या शेवटच्या शुक्रवारी सरांना शेजारी बसवलं. त्यांच्यासमोर लॅपटॉपवरचं सगळं पुसलं आणि ती कमांड दिली. चहा निवायच्या आत ॲप उघडलं.

सरांनी माउस ओढून घेतला. आवक बघितली, शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या बघितल्या, एक बिल काढून बघितलं. कुठेच काही अडलं नाही. मग माउस सोडून मला म्हणाले, "म्हणजे आता मी नसलो तरी चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. वसीमने टेबलाखालून लाथ मारली, पण ती उशिरा पोहोचली.

सर उठले, केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. वसीम हळूच म्हणाला, "क्लासची फी भर आता."

बऱ्याच वेळाने सर बाहेर आले. हातात हेल्मेट. माझ्या टेबलापाशी क्षणभर थांबले, "सोमवारपासून पक्की," म्हणाले आणि जिन्याकडे गेले. जिन्यातूनच त्यांनी घरी फोन लावला. आम्ही दोघं कान देऊन होतो.

"अगं, बॅग भर. आठ दिवस कुठेतरी फिरून येऊ."

पलीकडून काहीतरी घाबरून विचारलं गेलं असावं.

"नाही गं. कुणी गेलेलं नाही."