धरून ठेवलेली जागा

सांस्कृतिक वाहिनीवर चांगलं नाटक किंवा माहितीपट असला, की मी गावी आईला फोन करून सांगतो. नाटकाची ही गोडी मला तिनेच लावलेली. जत्रेतल्या नाटकाला ती दुपारीच गोणपाट अंथरून आमची जागा धरायची. पुढे मला शहरात शिकायला पाठवलं, तेही तिनेच.

आज दुपारी जुनं नाटक होतं. व्हिडिओ कॉलवर पाहिलं, तर टीव्हीसमोर गोणपाट अंथरलेलं आणि आई अगदी कडेला बसलेली.

"अगं, मधोमध बस की! कोण येतंय जागा घ्यायला?"

"तूच ये की मेल्या. तुझीच धरलीय."

शहरात मला नाट्यगृहातली नंबराची खुर्ची मिळते. जागा धरणारं कुणी नसतं.

टीव्हीवर नाटकाची तिसरी घंटा झाली. मी माझ्या सोफ्यावर जरा सरकून बसलो, तिच्यापुरती जागा धरून.